वसंतात पहिल्यांदा कोकण किनाऱ्यावर येताय? आधी पंचांग उघडा

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दोन महिने कोकण बघायला सगळ्यात चांगले, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यातलं हिरवं कोकण फोटोत छान दिसतं आणि मे महिन्यात आंबा असतो, पण कासवाची पिल्लं, शिमग्याची पालखी, ओले काजूगर, ढोलीत कोंडून घेतलेली धनेश पक्ष्याची मादी आणि पानं झडलेला, लालभडक पांगारा हे सगळं एकाच वेळी फक्त याच दिवसांत भेटतं. गर्दीही मे महिन्याच्या मानाने कमी. मात्र या दिवसांतलं इथलं वेळापत्रक मोबाईलमधल्या 'बघण्यासारखी दहा ठिकाणं' या यादीवर चालत नाही. समुद्र तिथीवर चालतो, पालखी तिथीवर निघते आणि कासवं कुणाचंच ऐकत नाहीत. म्हणून ठिकाणं नंतर ठरवा, दिवस आधी ठरवा.

हा लेख मुख्यतः मंडणगड, दापोली आणि गुहागर या तीन तालुक्यांपुरता आहे. सिंधुदुर्गाची गंमत वेगळी, आणि तीन दिवसांत वेळासपासून वेंगुर्ल्यापर्यंत जायचा बेत आखणाऱ्यांना शेवटी गाडीची काच तेवढी बघायला मिळते.

पहिलं काम: दिवस निवडणं

पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि होळी कधी आहे ते बघा. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, शिमगा सुरू होतो आणि पौर्णिमेच्या होमानंतरही बऱ्याच गावांत आठ-दहा दिवस पालखी फिरत असते. या काळात मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरी येतात, एसटी आणि रेल्वे भरलेली असते आणि ज्या घरात तुम्ही खोली मागताय तिथे त्यांचाच मुलगा, सून आणि नातवंडं उतरलेली असतात. शिमगा बघायचाच असेल तर दोन महिने आधी ठरवा. शांतपणे कासवं आणि पक्षी बघायचे असतील तर होळीच्या पुढचे-मागचे आठ दिवस सोडून द्या. शनिवार-रविवारीही वेळासला चांगलीच गर्दी होते. मंगळवार-बुधवार जमत असेल तर ते दिवस सोन्यासारखे.

मार्चपासून उन्हाचा तडाखा वाढतो. घाटावरच्या माणसाला तापमानाचा आकडा किरकोळ वाटतो, पण इथल्या दमट हवेत अकरा वाजता अंगातून पाण्याच्या धारा लागतात. बाहेरची कामं सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात जेवा आणि ओटीवर आडवे व्हा. गावही तेच करतं.

भरती-ओहोटीचं गणित

हे पाच मिनिटांत शिकता येतं आणि सगळ्या सहलीला पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पहाटे तीनलाही. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, पण सहलीसाठी एवढं पुरे.

याचा उपयोग काय? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर येते, आणि तेवढंच पाणी खाली जातं. त्या दिवसांत संध्याकाळी ओहोटी असते, म्हणून सूर्यास्ताच्या वेळी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, रुंद, चालायला मोकळी मिळते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी, पण संध्याकाळी नेमकं पाणी वर असतं. गुहागरच्या लांबलचक पुळणीवर चालायचं असेल तर हे आधी बघून या.

आणि गाडी. पुळणीवर गाडी घालू नका. ओली वाळू घट्ट दिसते, चाकं रुततात, मग भरती चढू लागते आणि ट्रॅक्टर शोधायला धावाधाव होते. दर मोसमात कुणाची ना कुणाची गाडी अशी खाऱ्या पाण्यात जातेच. गाडीची काळजी तुम्ही कराल, पण त्याच वाळूखाली कासवाचं घरटं असू शकतं, म्हणून हे सांगतोय.

पोहण्याबद्दल एकच सांगतो: गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, खाडीच्या मुखाजवळ तर अजिबात नको. ओहोटीला तिथून पाणी खोल समुद्रात ओढून नेतं, आणि बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो.

कसं पोचायचं

दापोलीला मुंबई-पुण्याहून थेट एसटी आहे. रेल्वेने यायचं तर खेड स्टेशनवर उतरा, तिथून दापोली घाटरस्त्याने तासाभरावर. वेळाससाठी मंडणगड गाठावं लागतं, पुढे बाणकोटच्या दिशेने.

नकाशात गाव टाकताना तालुका बघा. वेळास नावाचं एक गाव दिवेआगरजवळ, श्रीवर्धन तालुक्यातही आहे. कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं वेळास मंडणगड तालुक्यातलं, बाणकोट किल्ल्याजवळचं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. मुरूडचंही तसंच. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात आणि दापोलीचं मुरूड, जिथे महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं, ते रत्नागिरीत. चुकीच्या मुरूडला उतरून दापोलीच्या घरमालकांना फोन करणारे पाहुणे दरवर्षी असतात.

खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत, गाडीसकट. बागमांडला-वेश्वी बोटीने हरिहरेश्वरकडून बाणकोट-वेळासकडे येता येतं, आणि दाभोळ-धोपावे बोटीने दापोलीहून गुहागर. दाभोळची बोट चुकवून रस्त्याने चिपळूणला वळसा घालणं म्हणजे अख्खी सकाळ वाया. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी विचारून घ्या. पेट्रोल आणि रोख पैसे दापोलीत किंवा मंडणगडातच भरून घ्या. खाली किनाऱ्यावर रेंज गेली की मोबाईलने पैसे देता येत नाहीत, आणि नारळवाल्या आजींकडे सुट्टे नसतात.

राहणं आणि जेवणं

मोठ्या रिसॉर्टला माझा विरोध नाही, पण पहिल्या खेपेला घरगुती सोय घ्या. वेळास, आंजर्ले, केळशी, मुरूड, कर्दे, गुहागर, सगळीकडे घरातल्याच एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबं आहेत. खोली साधी, पंखा, न्हाणीघर कधी मागच्या अंगणात. पण जेवण घरचं, आणि कासवाची वेळ, पालखीची वाट, कुठल्या वडावर धनेश येतात हे सगळं त्यांनाच माहीत असतं.

काही रीती सांभाळा. जेवण आधी सांगावं लागतं, इथे मेनूकार्ड नसतं. किती माणसं, शाकाहारी किती, मासे खाणारे किती हे आदल्या दिवशी कळवा. उकडीचे मोदक हवे असतील तर निदान एक दिवस आधी, कारण नारळ खोवणं, पीठ काढणं हे तासाभराचं काम नव्हे. सोमवारी, चतुर्थीला किंवा घरात काही असेल तेव्हा मासे मिळणार नाहीत. हट्ट धरू नका. काही घरं पूर्ण शाकाहारी आहेत, तिथे बाहेरून तळलेली सुरमई आणून खोलीत खाणं बरं दिसत नाही. दारूबद्दलही आधी विचारा. आणि घरच्या बाईला 'मॅडम' म्हणण्याऐवजी काकू, वहिनी म्हणा, पुढचं आपोआप सोपं होतं.

या दिवसांत मागून खाण्याची गोष्ट म्हणजे ओल्या काजूगरांची उसळ. हॉटेलात ती वर्षभर मिळते, पण ती सुक्या काजूची, भिजवून केलेली. खरी चव फेब्रुवारी ते एप्रिल. सोबत कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं विचारावं. पापलेटच्या मागे लागून पाकीट हलकं करण्यापेक्षा ताजा बांगडा खा.

कासवं: काय दिसेल, कसं बघायचं

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येतात, दीड-दोन फूट खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, वाळू लोटून परत जातात. पुन्हा त्या अंड्यांकडे बघत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री उकरून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२मध्ये वेळासला हे थांबवायचं काम सुरू केलं, पुढे गाव त्यात उतरलं, वनविभाग आला, आणि आज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पहाटे पुळण धुंडाळणारे कासवमित्र आहेत. मादीच्या पायांचे माग वाळूत दिसतात, त्यावरून घरटं शोधायचं, अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणाच्या आत तशाच मापाच्या खड्ड्यात ठेवायची. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना घरात ठेवून गावाला चार पैसे मिळावेत, ही कल्पनाही वेळासचीच. आता आंजर्ले आणि इतर गावांनीही ती उचलली आहे.

अंड्यांतून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू जितकी गरम तितके दिवस कमी, आणि गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. म्हणूनच घरट्याची तारीख लिहून ठेवली तरी पिल्लं अमुक दिवशीच बाहेर येतील असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्ही करायचं ते असं:

निघायच्या आधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करा आणि विचारा, 'येत्या चार-पाच दिवसांत कुठली घरटी भरत आलीत?' पहिल्या अंड्यांचे दिवस भरत आलेले नसतील तर तारीख पुढे ढकला. निदान दोन रात्री राहा. पिल्लं सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सोडतात, म्हणजे दोन रात्रींत तीन-चार वेळा संधी मिळते. एका संध्याकाळी येऊन घरट्यावरची टोपली उचलल्यावर खाली नुसती वाळू दिसली म्हणून कासवमित्रांशी भांडणारे लोक बघितले की वाईट वाटतं. तो पोरगा पहाटे चारपासून पुळणीवर चालतोय.

किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते. तिच्या मागे उभं राहा, पुढच्या रांगेतल्यांनी खाली बसा. फ्लॅश नाही, टॉर्च नाही. अंडं फोडून आलेलं पिल्लू उजेडाकडे जातं, निसर्गात तो उजेड पाण्याच्या क्षितिजाचा असतो, आणि तुमच्या मोबाईलचा उजेड त्याला उलटीकडे फिरवतो. पिल्लाला हात लावायचा नाही, पाण्यापर्यंत उचलून न्यायचं तर नाहीच. ते अंतर त्याने स्वतः चालून जायचं असतं. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत दोरी ओलांडू नका, कारण एवढीशी, काळपट ती पिल्लं पायाखाली दिसत नाहीत. कायद्याने हा पहिल्या अनुसूचीतला संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे 'एकच फोटो हातात घेऊन' ही विनंती कितीही गोड आवाजात केलीत तरी उत्तर नाहीच.

मुलं सोबत असतील तर त्यांना दोन गोष्टी आधी सांगून ठेवा, मग पंधरा मिनिटांची ती चाल बघायला मजा येते. २०२२च्या जानेवारीत वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ आंजर्ले आणि गुहागरच्या माद्यांनाही बसवलं. आणि २०२५मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ओडिशात २०२१मध्ये लावलेली खूणपट्टी सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं मानणाऱ्यांना तिने चांगलंच कोड्यात टाकलं.

बाकीचे प्राणी-पक्षी

धनेश बघायला किनारा सोडून थोडं आत या. जुन्या देवराया, वड, उंबर, बेहड्याची मोठी झाडं जिथे टिकली आहेत तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी ढोलीत शिरते, तोंड चिखल-विष्ठेने लिंपून घेते आणि नुसती चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढचे काही महिने नर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. तो माणसाला बिचकला आणि आला नाही, तर आतली उपाशी राहते. त्यामुळे ढोल सापडली तर लांबून, आडोशाने, थोडाच वेळ बघा आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. खरं तर ढोल शोधूच नका. फळांनी लगडलेल्या वडाखाली सकाळी सात वाजता थांबलात तर पंखांचा फुसफुस आवाज करत ते आपणच येतात.

पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर मोठं, काटक्यांचं घरटं करतो. दुर्बीण असेल तर बाणकोट ते आंजर्ले या पट्ट्यात आकाशावर नजर ठेवा. हिवाळी पाहुणे कुरव मार्चपर्यंत हर्णै-आंजर्ल्याच्या पुळणीवर मोठ्या थव्यांनी बसलेले असतात. त्यांच्यात पोरं पळवून थवा उडवायचा आणि व्हिडिओ काढायचा, हा प्रकार बंद व्हायला हवा. परतीच्या लांबच्या प्रवासासाठी ते अंगावर चरबी साठवत असतात.

डॉल्फिन बघायचे तर सकाळी लवकर. पहाटे मतलई वारा जमिनीवरून वाहतो, समुद्र सपाट असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटांत काही दिसत नाही आणि पोटात ढवळतं ते वेगळंच. मुरूड, कर्दे, हर्णै इथून होड्या जातात. अंगावर जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि नाखव्याला आधीच सांगा, 'दादा, पाठलाग नको, इंजिन हळू ठेवून थांबू.' पाठलागाला पैसे देणारी गिऱ्हाईकं आहेत म्हणून तो होतो. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, होडीतून दाखवतात. वाटेवर असेल तर जा.

शिमग्यात पाहुणा म्हणून

गावाचा शिमगा हा कार्यक्रम नव्हे. ग्रामदेवता वर्षातून एकदा देवळाबाहेर पडून घरोघरी येते, आणि प्रत्येक घर त्या दिवसाची वाट बघत असतं. सहाणेवर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या चौथऱ्यावर, पालखी बसते, ढोल-ताशांवर ती खांद्यांवर नाचवतात, काही गावांत पुरलेल्या खुणा पालखी शोधून काढते. खेळे येतात, नमन होतं, काळा संकासूर पोरांच्या मागे धावतो. बघायला कुणी नको म्हणत नाही. चपला काढा, पालखीच्या वाटेत तिपाई लावून उभे राहू नका, मान कुणाचा आणि खांदा कुणी द्यायचा हे ठरलेलं असतं, तेव्हा बोलावल्याशिवाय पुढे होऊ नका. फाका, म्हणजे शिमग्यातल्या शिवराळ आरोळ्या, ऐकून कानात बोटं घालायची वेळ आली तरी हसून घ्या, त्या दिवसांपुरती ती मुभा आहे. यजमानांच्या घरी पालखी येणार असेल तर नारळ आणि यथाशक्ती दक्षिणा ठेवली की त्यांना बरं वाटतं.

हर्णैचा लिलाव आणि बाकी खरेदी

हर्णै बंदरावर सकाळी आणि दुपारी चारनंतर माशांचा लिलाव होतो. होड्या बाहेर नांगरलेल्या, टोपल्या वाळूवर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. हा किल्ला २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी आहे. लिलाव घाऊक असतो, बोली बोटांच्या खुणांनी आणि अर्ध्या शब्दांत होते. मध्ये उभं राहून भाव विचारू नका, कामाच्या माणसांना अडचण होते. लिलाव संपला की बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्या. थोडी घासाघीस चालते, दोघांनाही त्यात रस असतो. घेतलेले मासे घरच्या काकूंना विचारून न्या, शक्यतो संध्याकाळी सातनंतर नव्हे.

ओले काजूगर शेकड्यावर मिळतात. महाग वाटतील. ओली बी चिरून गर सोलताना तिचा चीक हाताची सालं काढतो, आणि हे काम बायका राख किंवा तेल लावून तासन्‌तास करतात. इथे घासाघीस करू नका.

हापूस मार्चमध्ये दिसला तरी तो थोडा आणि महाग. खरा मोसम एप्रिल-मेचा. २०१८पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांपुरतं आहे, तरी महामार्गावरच्या प्रत्येक 'रत्नागिरी हापूस' पाटीवर विश्वास ठेवू नका. ज्यांच्याकडे राहिलात त्यांच्या ओळखीच्या बागायतदाराचा नंबर घ्या आणि मोसमात पेटी मागवा. गवताच्या अढीत पिकलेला आंबा देठाशी वास देतो. नुसता पिवळा रंग बघून घेऊ नका.

आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी घ्यायची तर बचत गटाच्या बायकांकडून किंवा थेट घरातून. आगळाच्या बाटलीचं बूच नीट बघा, घाटात फुटली की गाडी वर्षभर आंबट वासाची राहते.

बेत बदलला, येणं रद्द झालं, तर फोन करून कळवा, अगदी आदल्या रात्रीही चालेल. ज्यांच्याकडे तुम्ही सहा माणसांचं जेवण सांगितलंय त्यांनी सकाळी साडेसहाला बंदरावर जाऊन मासे घेतलेले असतात, आणि खोलीसाठी आलेल्या दुसऱ्या पाहुण्यांना 'नाही' म्हटलेलं असतं.